ग्रीन कार्ड, जुना डीयूआय आणि सांगलीचे तिकीट

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीयच आहे. 2021 मध्ये पार्टीहून परतताना पोलिसांनी गाडी थांबवली, अल्कोहोल मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि न्यायालयात मी ‘नो कॉन्टेस्ट’ (आरोप लढवत नाही) म्हटले. अपघात झाला नव्हता, दुसरा कुठलाही गुन्हा नाही. दंड, डीयूआयचे (दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याचे) वर्ग, प्रोबेशन (न्यायालयाच्या देखरेखीचा काळ) हे सगळे 2024 मध्ये संपले. आता सांगलीला आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. परत येऊ देणार नाहीत या भीतीने मी 2021 पासून तिला भेटलेलो नाही. स्वस्त तिकीट कॅनडातील व्हँकुव्हरमार्गे मिळते आहे. जावे का?

उत्तर : आईकडे जरूर जावे, पण व्हँकुव्हरमार्गे जाऊ नये.

प्रथम तुमच्या भीतीविषयी. ‘नो कॉन्टेस्ट’ म्हटले तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने ती शिक्षाच धरली जाते, आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने पुढे रेकॉर्ड ‘डिसमिस’ करून दिले तरी त्यात फरक पडत नाही. असे असले तरी, दारू पिऊन गाडी चालवण्याचा एकच साधा गुन्हा हा ‘नैतिक अधःपतन’ दर्शवणारा गुन्हा मानला जात नाही, आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लिओकाल खटल्यात असा गुन्हा, त्यात कोणी जखमी झालेले असतानाही, ‘हिंसेचा गुन्हा’ ठरत नाही असे एकमताने सांगितले. त्यामुळे थोड्या दिवसांसाठी बाहेर जाऊन परतणाऱ्या ग्रीन कार्डधारकाला कायदा नव्याने प्रवेश मागणारा, म्हणजे ज्याची पात्रता पुन्हा तपासायची असा, समजत नाही. गाडीत लहान मूल असते, लायसन्स आधीच निलंबित असते किंवा दारूऐवजी अमली पदार्थाचा संबंध असता, तर माझे उत्तर वेगळे असते. म्हणून न्यायालयाच्या निकालपत्रात नेमके कोणते कलम लिहिले आहे, ते इमिग्रेशन वकिलाला एकदा दाखवून घ्यावे.

खरा धोका मुक्काम लांबण्यात आहे. शस्त्रक्रिया, मग फिजिओथेरपी, मग ‘अजून महिनाभर राहा’ हा आईचा आग्रह, असे करता करता सलग 180 दिवसांची मर्यादा ओलांडली जाते आणि त्यानंतर तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा समजले जाते. मग मद्यपानाच्या विकाराचा आरोग्यविषयक प्रश्नही तुमच्यासमोर उभा राहू शकतो, ज्याची एरवी चर्चाही झाली नसती. परतीची तारीख आधीच ठरवावी आणि ती पाळावी.

कॅनडाचे गणित मात्र निराळे आहे, आणि इथे आपली अनेक माणसे फसतात. 18 डिसेंबर 2018 पासून तेथे मद्यप्राशन करून वाहन चालवण्याची कमाल शिक्षा 10 वर्षे झाली, त्यामुळे त्यानंतरचा असा एकच गुन्हाही ‘गंभीर गुन्हेगारी’ ठरून प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ग्रीन कार्ड असल्याने भारतीय पासपोर्टवरही कॅनडाचा व्हिसा लागत नाही, म्हणून लोक निर्धास्तपणे तिकीट काढतात आणि विमानतळावर अडकतात. शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत 2029 मध्ये, ‘रिहॅबिलिटेशन’चा (जुना गुन्हा प्रवेशाच्या आड येऊ नये यासाठीचा) अर्ज करता येतो, तोपर्यंत विशेष तात्पुरता परवाना हाच मार्ग. आईच्या शस्त्रक्रियेच्या घाईत त्या वाटेला जाऊ नये, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

परतताना सॅन फ्रान्सिस्कोला बोटांचे ठसे घेतल्यावर जुनी नोंद पडद्यावर दिसेल आणि तुम्हाला बहुधा सेकंडरीत, म्हणजे जादा चौकशीच्या खोलीत, पाठवतील. तिथे दोन-तीन तास बसावे लागले तरी घाबरून जाऊ नये. निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि प्रोबेशन पूर्ण झाल्याचा कागद चेक-इन बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत असावा. विचारलेल्या प्रश्नाचे खरे आणि थोडक्यात उत्तर द्यावे. ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडण्याचा फॉर्म आय-407 पुढे केला, तर त्यावर सही करू नये. इमिग्रेशन न्यायाधीशासमोर बाजू मांडण्याचा तुमचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढता यावे, असे विधेयक 2024 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने मंजूर केले होते. ते तेव्हा कायदा झाले नाही, पण असे प्रयत्न थांबलेले नाहीत. म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात वकिलाला पुन्हा एकदा फोन करून विचारावे. आणि पत्नीला हे प्रकरण ठाऊक नसेल, तर तिला ते सेकंडरीच्या बाकावर कळण्याऐवजी घरी, तुमच्या तोंडून कळू द्यावे.