दगडावर नावं कोरणाऱ्या घरात मन निबर होतं का?

तुम्ही विचारलंय की कबरीवरचे दगड आणि स्मृतिशिला घडवणं हाच ज्यांचा पिढीजात धंदा आहे, त्या घरात वाढणं कसं असतं, आणि रोज रडवेली माणसं समोर बसलेली पाहून मन निबर होत नाही का.

मी अशाच घरातली आहे. आजोबांकडून टाकी-हातोडा बाबांकडे आला, बाबांकडून मोठ्या बहिणीकडे आणि माझ्याकडे. मन निबर झालेलं नाही. उलट एका बाबतीत आम्ही सगळेच कमालीचे हळवे आहोत, ती म्हणजे माणसाचं नाव.

याची सुरुवात आईपासून होते. आलेल्या माणसांशी पहिलं बोलणं तीच करते. दगडांचे नमुने ती लगेच दाखवत नाही. "बसा" म्हणते, पाणी देते आणि विचारते, "घरात त्यांना काय म्हणायचे?" दाखल्यावरचं नाव घोकून आलेली माणसं या प्रश्नापाशी थांबतात, आणि मग बोलायला लागतात. कधी तासभर बोलतात. आई घाई करत नाही आणि आम्हालाही करू देत नाही. दगडावर काय असायला हवं हे बहुतेक वेळा त्या तासातच कळतं.

एकदा दोन भाऊ त्यांच्या आईच्या दगडासाठी आले होते. एकाकडे दाखला होता, त्यावर 'सुनीता', दीर्घ. दुसऱ्याने तिची हिशेबाची वही आणली होती, तिच्यात पानोपानी 'सुनिता', ऱ्हस्व. धाकटा म्हणत होता की चुकीचं कसं कोरायचं, लोक काय म्हणतील. आमच्या आईने वही मागून घेतली, बराच वेळ चाळली आणि एवढंच म्हणाली, "त्या स्वतःचं नाव असं लिहायच्या." थोरला रडायला लागला. आम्ही ऱ्हस्व कोरलं. आमच्याकडे तेव्हापासून हा नियमच आहे. माणूस सही करत असेल, तर नाव सहीप्रमाणे. शुद्धलेखनाचे नियम मला मान्य आहेत, पण ते बाकीच्या मजकुराला.

आता मजकुराचं. लोकांना खूप काही लिहायचं असतं, आणि ते साहजिक आहे. पण दगडावर जागा थोडी असते, आणि अक्षर बारीक केलं की चार पावलांवरूनही वाचता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरींचं काम 1917 साली स्थापन झालेल्या आयोगाकडे होतं. त्यांनी हुद्दा न पाहता सगळ्यांना एकाच मापाचा दगड दिला आणि घरच्यांच्या ओळीसाठी 66 अक्षरांची मर्यादा घातली, दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा धरून. मर्यादा जाचक वाटते खरी, पण कागद समोर ठेवून बसलात तर एक ओळ सापडतेच. आणि ती सहसा घरात रोज बोलली जाणारी असते.

देवनागरी कोरणं हे वेगळंच काम आहे. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, आपली शिरोरेषेला लटकलेली असतात. बाबा सुताने शिरोरेषा आखून घेतात, पण कोरतात सगळ्यात शेवटी, कारण तिथे टाकी घसरली तर अख्खा शब्द वाकडा दिसतो. 'ध', 'ष', 'क्ष' यांच्या पोटातली चिमुकली जागा हा दुसरा धोका. टाकी जरा उभी धरली की तेवढा कपचा टचकन उडून जातो आणि अक्षर आंधळं होतं. मी शिकत होते तेव्हा बाबांनी मला कित्येक महिने एकही नाव कोरू दिलं नाही, फक्त टाकाऊ तुकड्यांवर 'ष' काढायला लावला.

त्याआधी ब्रश. कोरण्याआधी अक्षर ब्रशने दगडावर काढायचं, ही रीत फार जुनी आहे. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावरचा इसवी सन 113 चा लेख आधी चपट्या ब्रशने रंगवून मग कोरला, असं मत एडवर्ड कॅटिच या अक्षरतज्ज्ञाने मांडलं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट इथे जॉन स्टीव्हन्स शॉप नावाचं दुकान आहे, 1705 पासूनचं. आधी स्टीव्हन्स घराण्याकडे होतं, 1927 पासून बेन्सन घराण्याकडे आहे, आणि तिथे अजूनही अक्षर ब्रशने काढून हाताने कोरतात. त्यांच्या तिसऱ्या पिढीतल्या निकोलस बेन्सनना 2010 साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, अमेरिकेतला सर्जनशील कामासाठीचा मोठा सन्मान. कबरीच्या दगडावर अक्षर कोरणाऱ्याला असा मान मिळतो हे बाबांनी वाचलं, तेव्हा ते कात्रण त्यांनी ताईला दोनदा वाचायला लावलं.

आमच्याकडे सगळं काही हाताने होत नाही. बरंचसं काम सँडब्लास्टिंगने होतं. दगडावर रबरी स्टेन्सिल चिकटवायचं, अक्षरांपुरतं कापून काढायचं आणि दाबाच्या हवेने खरखरीत कण मारायचे. ते ताई बघते. झटपट होतं, ग्रॅनाइटवर छान येतं, आणि त्याला कमी लेखणं मला पटत नाही. पण आमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक त्यातलीच. मजकुराची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, फॉन्ट बदलला आणि आडनावातलं जोडाक्षर फुटलं. अर्धं अक्षर पाय मोडून सुटं पडलं होतं. स्टेन्सिल कापणाऱ्याला दिसलं नाही, आम्हाला दिसलं नाही. दगड बसला. गेलेल्या गृहस्थांची मुलगी पहिल्यांदा बघायला आली, तिने नावावरून बोट फिरवलं आणि बोट तिथे अडलं. ती काहीच बोलली नाही. बाबांनी त्याच दिवशी दगड उतरवला आणि नवा कोरून दिला, पण तिचं ते थांबलेलं बोट आमच्यापैकी कोणीही विसरलेलं नाही.

तेव्हापासून खऱ्या मापाचा कागदी आराखडा काढतो. एकाने मूळ कागद वाचायचा, दुसऱ्याने आराखडा, मोठ्याने, एकेक अक्षर आणि एकेक आकडा, शेवटून सुरुवातीकडे. सरळ वाचलं की डोळा चूक गाळून पुढे जातो. मग आराखडा एक रात्र घरच्यांकडे ठेवायचा, सही दुसऱ्या दिवशी. तुम्ही कुठेही दगड करून घेतलात तरी ही एक रात्र मागून घ्या.

दगडाबद्दलही थोडं सांगते, कारण लोक रंगावर निवडतात. संगमरवर मऊ असतो, कोरायला गोड, पण तो चुन्याच्या जातीचा. आम्लयुक्त पाऊस त्याला हळूहळू खातो आणि काही दशकांत अक्षरांच्या कडा बोथट होतात. ग्रॅनाइट कठीण, टाकीची धार खाणारा, पण टिकणारा. दोन्ही जड. 90 सेंटिमीटर उंच, 60 रुंद आणि 10 जाड ग्रॅनाइटचा दगड साधारण 145 किलो भरतो, म्हणून पाया कच्चा असेल तर तो पुढे धोकाच. नवीन कबरीची माती खचत राहते. दगड उभा करायला सहा महिने ते वर्षभर थांबा असं आम्ही सांगतो, तेव्हा आम्ही टाळाटाळ करतोय असं काहींना वाटतं. तसं नसतं. आणि साफ करताना ॲसिड किंवा तारेचा ब्रश मुळीच नको, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

तुम्ही मनाचं विचारलंत, पण या धंद्यात छातीचीही काळजी घ्यावी लागते. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आजोबांच्या काळी तोंडाला फडकं बांधून कोरडा दगड कापायचे. त्यांची शेवटची वर्षं खोकण्यात गेली. आता दगडावर पाणी सोडतच कापतो, मास्क असतो, आणि तो काढला तर ताई कोणालाच सोडत नाही, बाबांनासुद्धा.

पुष्कळ दगडांवर एक नाव असतं आणि खाली जागा राखलेली असते, मागे राहिलेल्या जोडीदारासाठी. म्हणून आम्ही एकही आराखडा टाकत नाही. गेल्या वर्षी अशाच एका दगडावर दुसरं नाव घालायचं होतं. पहिलं आजोबांनी कोरलेलं. त्यांच्या 'र'ची शेपटी थोडी लांब, खाली वळलेली असायची, तशी आता कोणी काढत नाही. ताईने खणातून त्यांचा पिवळा पडलेला कागद काढला आणि आठवडाभर नुसता तो 'र' गिरवला. मग दगडापाशी बसून, मशीन न वापरता, दुसरं नाव त्यांच्या वळणात कोरलं. संध्याकाळी त्याच कागदावर आजोबांच्या तारखेखाली तिने आपली तारीख घातली आणि तो परत त्याच खणात ठेवला.