आई जागीच होती, मग सिडेशनचे पैसे कशाचे?

प्रश्न : डॉक्टर, मागच्या महिन्यात आईची (वय ६८) कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केली. बिलात प्रोसिजरचे वेगळे आणि 'सिडेशन चार्जेस' म्हणून वेगळे साडेतीन हजार लावलेत. पण आई तर जागी होती, कुशीवर वळा म्हटलं की वळत होती, आता मात्र तिला त्यातलं काहीच आठवत नाही. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे मिनिटांवर पैसे लागतात. आम्हाला गंडवलं का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अहो ताई, वळत होत्या आणि नंतर काही आठवत नाही, हेच तर सिडेशन! पूर्ण भूल नाही ही, गुंगी. मिडाझोलम, कधी जोडीला फेंटानिल, शिरेतून थोडं थोडं देतात, हाक मारली की पेशंट ओ देतो आणि श्वास स्वतःचा स्वतः घेतो. यात औषधापेक्षा पैसे लागतात ते लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे, कारण दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांचे डोळे स्क्रीनवर, मग बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजन उतरायला लागला तर लगेच हनुवटी उचलून श्वासाची वाट मोकळी करणारं कुणीतरी तिथे हवंच ना, या वयात तर नक्कीच. त्यामुळे बिलात वेगळी ओळ आली म्हणून गंडवलं असं मी तरी म्हणणार नाही.

पण सिडेशनची नोट मागून बघा. कोणी दिलं, किती वाजता सुरू केलं, डोस किती, मधे पल्स-बीपी काय होतं, सगळं त्यात असायला हवं. इंजेक्शन दुर्बीणवाल्या डॉक्टरांनीच दिलं आणि साडेतीन हजार भूलतज्ज्ञाची फी म्हणून घेतले असतील तर मात्र बिलिंग काउंटरवर सरळ जाब विचारा, तपशीलवार बिल मागायचा हक्क आहे तुम्हाला.

मामेभावाचं खरंय, पण ते तिकडचं. २०१७ पासून तिथे बिलात लावायचे याचे ठरलेले कोड आहेत, दुर्बीणवाल्यानेच गुंगी दिली तर पहिल्या १५ मिनिटांना ९९१५२, पुढच्या प्रत्येक १५ ला ९९१५३, आणि किमान १० मिनिटं भरली नाहीत तर पहिलाही लावता येत नाही. आपल्याकडे असलं मोजमाप नाही, कुणी पॅकेजमध्ये धरतं कुणी बाहेर, म्हणून तारीख घेतानाच विचारायचं.

मेडिक्लेम असेल तर नुसत्या तपासणीचा क्लेम बऱ्याचदा फेटाळतात, पण पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठ) काढला असेल तर डिस्चार्ज पेपरवर तसं लिहून घ्या आणि क्लेम टाकाच.