हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

प्रश्न (दादर): मुलीने निबंधात सीएसएमटीला ‘हिस्टॉरिकल बिल्डिंग’ म्हटलं. बाईंनी खोडून ‘हिस्टॉरिक’ केलं. दोन्हींचा अर्थ ऐतिहासिकच ना?

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. इतिहासात ज्याला मानाचं पान मिळालं, ते हिस्टॉरिक. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, तो प्रवास हिस्टॉरिक. त्या काळातले नकाशे, पत्रं, हिशेबाच्या वह्या मात्र हिस्टॉरिकल, म्हणजे गतकाळाशी संबंधित. मग त्यांचं मोल मोठं असो वा नसो. काल छापून आलेली, पण शिवकाळावरची कादंबरी हिस्टॉरिकल नॉव्हेलच. तिला हिस्टॉरिक म्हटलंत, तर त्या कादंबरीनेच इतिहास घडवला असा अर्थ होईल. मुलीचं शाबासकी देऊन कौतुक करा. विषय तिने छान निवडला.

प्रश्न (घाटकोपर): स्कॉलरशिपच्या अर्जात घरच्या परिस्थितीबद्दल ‘इकॉनॉमिकल कंडिशन’ लिहिलं तर चालेल?

उत्तर: नको, ‘इकॉनॉमिक’ लिहा. पैसा, व्यापार, अर्थव्यवस्था यांच्याशी संबंध असेल तिथे इकॉनॉमिक: रिझर्व्ह बँकेच्या धोरणावरची चर्चा इकॉनॉमिक. इकॉनॉमिकल म्हणजे कमी खर्चात भागणारं. रोज घाटकोपर ते सीएसएमटी जाणाऱ्याला लोकलचा पास इकॉनॉमिकल पडतो. अर्ज वाचणारा तुम्हाला ओळखत नसतो, त्याच्यासमोर फक्त तुमचे शब्द असतात. म्हणून ही चूक आधीच काढून टाका.

प्रश्न (परळ): इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रिकल?

उत्तर: विजेवर चालणाऱ्या ठरावीक वस्तूला इलेक्ट्रिक: इलेक्ट्रिक शेगडी, किंवा ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला धावलेली इलेक्ट्रिक ट्रेन. क्षेत्र, व्यवसाय किंवा एकूण सामान म्हणायचं असेल तर इलेक्ट्रिकल: इलेक्ट्रिकल इंजिनीअर, लोहार चाळीतला इलेक्ट्रिकल माल.

प्रश्न (बोरिवली): शेवटी ‘इक’ की ‘इकल’, याचा एखादा नियम सांगा.

उत्तर: सगळीकडे लागू पडेल असा नियम नाही. ‘मेडिकल’ला दुसरं रूपच नाही, तर ‘जिऑग्राफिक’ आणि ‘जिऑग्राफिकल’ जवळपास एकाच अर्थाने चालतात. माझं ठाम मत असं, की विशेषण सुटं पाठ करू नये, नामासकट करावं: इकॉनॉमिक पॉलिसी, हिस्टॉरिकल रेकॉर्ड. क्रियाविशेषणात मात्र प्रश्नच उरत नाही. दोन्हींचं मिळून हिस्टॉरिकली, इकॉनॉमिकली असं एकच रूप होतं आणि स्पेलिंगमध्ये ‘ए-एल-एल-वाय’ येतं. अपवाद ‘पब्लिक’चा: त्याला नुसतं ‘एल-वाय’ जोडा.