गाडी ऑइल खातेय? आधी धुराची वेळ बघा

प्रश्न: माझ्या साडेतीनशे सीसीच्या जुन्या सिंगल सिलिंडर फोरस्ट्रोक गाडीला दर हजार किलोमीटरला ४०० मिली ऑइल वरून घालावं लागतं. मेकॅनिक म्हणतो, ब्लॉक बोअर करून (सिलिंडरचं भोक मोठं करून) ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचा, पिस्टन टाका. टाकू का?

लगेच नको. या वयाच्या इंजिनाने हजार किलोमीटरला २००-३०० मिली ऑइल खाल्लं तर आम्ही काळजी करणार नाही. लिटरभर खात असेल तर मात्र उघडावंच लागेल. तुमची गाडी मधेच कुठेतरी आहे, म्हणून ऑइल कुठून जातंय ते आधी शोधा.

इंजिन तापल्यावर लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून, गिअरमध्येच खाली या आणि पायथ्याशी एकदम थ्रॉटल पिळा. निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबला, तर संशय इनलेट व्हॉल्व्हच्या गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती). थ्रॉटल बंद असताना इनलेट पोर्टमधली ओढ वाढते आणि रॉकरखालचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेखालचं) ऑइल झिजलेल्या गाइडमधून आत खेचलं जातं. याउलट चढावर, जोर लावताना धूर सतत येत राहिला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). धूरच नसेल तर ऑइल बहुधा जळत नाहीये. ते गळतंय किंवा ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडतंय.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि गेजचा काटा स्थिर होईपर्यंत किका. आकडा लिहून ठेवा, प्लगच्या भोकातून ५ मिली ऑइल सोडा, पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा-बोअर झिजलेत. पण आकडा पहिल्यापासून उत्तम आला म्हणून रिंगांना निर्दोष ठरवू नका. कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात, ऑइल खरवडते ती खालची रिंग. ती एकटी झिजली तरी गाडी ऑइल पिते. गाइडचा दोषही या चाचणीत दिसत नाही.

ब्लॉक काढावा लागलाच, तर बोअरचा निर्णय मापावर घ्या. वरची रिंग बोअरमध्ये ठेवून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ७० मिमी बोअरला नव्या रिंगेची फट साधारण ०.२० ते ०.३० मिमी असते. हेच माप दोन ठिकाणी घ्या: वर, जिथे रिंग प्रत्यक्ष फिरते तिथे, आणि अगदी खाली, जिथे झीज नसते. दोन्ही फटींमधल्या फरकाला ३.१४ ने भागा, म्हणजे बोअर वर किती रुंदावलाय ते कळतं. समजा वर ०.५५ आणि खाली ०.३० मिळाले, तर ०.२५ भागिले ३.१४, म्हणजे ०.०८ मिमी. हा आकडा ०.०५ च्या आत असेल तर नव्या रिंगा आणि हलकं होनिंग (बोअर दगडाने घासणं) पुरतं. ०.१० च्या पुढे गेला तर मेकॅनिक बरोबर आहे. मधल्या आकड्याला पिस्टनचा ढिलेपणा मोजून ठरवा.

होनिंगनंतर बोअर गरम पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, पांढऱ्या फडक्यावर डाग येईनासा होईपर्यंत, आणि लगेच ऑइलचा हात फिरवा. नुसत्या पेट्रोलने धुतलं तर दगडाची पूड तिथेच राहते आणि नव्या रिंगा खाते. रिंगा बसवताना त्यांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

प्रश्न: माझी जुनी ब्रिटिश ट्विन आहे, ऑइलची टाकी वेगळी. तीन आठवडे उभी राहिली की टाकी जवळजवळ रिकामी दिसते. ऑइल भरून सुरू केली की धुराने गल्ली भरते.

भरू नका! ऑइल कुठेही गेलेलं नाही, ते क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यात, उतरलंय. ऑइल पंपाच्या फटींतून किंवा कचरा अडकलेल्या बॉल व्हॉल्व्हमधून (ऑइल अडवणाऱ्या गोळीच्या झडपेतून) ते हळूहळू झिरपतं. वरून आणखी भरलं की ते ब्रीदरमधून आणि सीलमधून बाहेर ढकललं जातं. सुरू करण्याआधी खालचा ड्रेन प्लग काढून ऑइल भांड्यात घ्या, मोजा, आणि तेवढंच टाकीत टाका. पातळी बघायची ती गाडी चालवून आल्यावर लगेच. एका रात्रीत चमचाभर उतरलं तर सोडून द्या; कपभर उतरत असेल तर बॉल आणि त्याची सीट साफ करा, पंप तपासा. पुरवठ्याच्या नळीवर तोटी बसवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तोटी उघडायची एकदा जरी विसरलात तरी इंजिन संपलं, त्यामुळे इग्निशन तोडणारा स्विच तिला जोडलेला नसेल तर ती आम्ही बसवू देणार नाही.

प्रश्न: जाड ऑइल घातलं तर खाणं कमी होईल?

थोडं होईल, झीज तशीच राहील. शिवाय थंड इंजिनात जाड ऑइल रॉकरपर्यंत उशिरा पोचतं. गाडीच्या पुस्तकात २०डब्ल्यू-५० (ऑइलच्या जाडीचा आकडा) लिहिलं असेल तर तेच घाला.

प्रश्न: तीनदा पॅकिंग बदललं, तरी जोडांतून ऑइल येतंच.

मग दोष पॅकिंगचा नसावा. सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टन खाली येताना ३५० सीसी इंजिनात जवळपास तेवढीच हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. ब्रीदर तुंबला असेल, किंवा त्याचा एकमार्गी रबरी व्हॉल्व्ह कडक झाला असेल, तर तो दाब मिळेल त्या जोडातून वाट काढतो. नळी काढून फुंकून बघा: इंजिनाकडून हवा बाहेर जायला हवी, उलट यायला नको. ऑइल खुणेच्या वर भरलेलं असेल तरी हेच होतं. हे ठीक असूनही गळत असेल तर इंजिन पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर फवारा आणि दहा किलोमीटर चालवा. पावडर पहिल्यांदा ओली होते ती जागा खरी. तो जोड सपाट काचेवर एमरी ठेवून घासून घ्या. सीलंटचा थर मात्र पातळच द्या, जास्तीचं आत पिळून ऑइलची वाट बुजवतं.