रॉक समीक्षक लेस्टर बँग्ज यांना इतके मोठे का मानले जाते?

‘ऑलमोस्ट फेमस’ या २००० सालच्या चित्रपटात फिलिप सीमोर हॉफमन यांनी रंगवलेला लेस्टर बँग्ज हा समीक्षक खरोखर होऊन गेला का, आणि दुसऱ्यांच्या गाण्यांवर लिहिणाऱ्या माणसाला एवढा मान कशासाठी, असे आपण विचारले आहे. बँग्ज खरोखर होऊन गेले. त्यांचे लेखन मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण त्यांच्या बेफाम राहणीत नाही. आपले मत चारचौघांदेखत पुन्हा तपासून पाहण्याची जी तयारी त्यांच्यापाशी होती, तिच्यात ते आहे. दारू, नशेच्या गोळ्या आणि अकाली मृत्यू यांच्या कहाण्या रंगवून सांगताना नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

त्यांचा जन्म १९४८ साली कॅलिफोर्नियात झाला. वडील आगीत दगावले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. आई ‘यहोवाज विटनेसेस’ या पंथाची निष्ठावान अनुयायी होती. त्या शिस्तीत, सॅन दिएगोजवळच्या एल कहोन या गावी वाढलेल्या मुलाला जॅझच्या रेकॉर्डनी आणि ‘बीट’ पिढीतल्या बंडखोर अमेरिकी लेखकांनी बाहेरचे जग दाखवले. रॉकवर गांभीर्याने लिहिण्याची प्रथा तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती. पॉल विल्यम्स या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने १९६६ मध्ये ‘क्रॉडॅडी’ हे रॉकवरचे नियतकालिक काढले, पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक सुरू झाले आणि १९६८ मध्ये एलन विलिस ‘द न्यूयॉर्कर’मध्ये या विषयावर लिहू लागल्या. या व्यवसायाचे शिक्षण कुठे मिळत नव्हते आणि कोणी ते मागतही नव्हते. म्हणूनच ‘रोलिंग स्टोन’ने वाचकांकडून लेखन मागवले तेव्हा विशीतल्या बँग्ज यांनी टपालाने पाठवलेले परीक्षण १९६९ मध्ये छापून आले.

ते परीक्षण डेट्रॉइटच्या ‘एमसी फाइव्ह’ या बँडच्या पहिल्या अल्बमचे होते आणि ते अत्यंत कडक होते. जाहिरातबाजी उदंड आणि संगीत बेताचे, असा त्याचा एकूण सूर होता. पुढे मात्र तोच अल्बम त्यांच्या जिवाभावाचा झाला आणि आपले मत बदलल्याचे त्यांनी कधी लपवले नाही. समीक्षकाचा दरारा त्याच्या ठामपणावर उभा असतो असे मानणाऱ्या या व्यवसायात हे सोपे नव्हते.

‘रोलिंग स्टोन’शी त्यांचे फार काळ जमले नाही. ‘कॅन्ड हीट’ या बँडवरील परीक्षणानंतर, हा लेखक संगीतकारांचा मान राखत नाही असे कारण देऊन संपादक यान वेनर यांनी १९७३ मध्ये त्यांचे लेखन बंद केले. तोवर ते डेट्रॉइटच्या ‘क्रीम’ मासिकात दाखल झाले होते. तिथली मंडळी काही काळ शहराबाहेरच्या एका शेतघरात एकत्र राहत, तिथेच काम करत, तिथेच भांडत. पगार नावापुरता होता. या व्यवसायाचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय त्यातला प्रामाणिकपणा समजत नाही, म्हणून थोडे त्याविषयी. रेकॉर्ड कंपन्या नव्या अल्बमच्या प्रती पत्रकारांना फुकट धाडत, मेजवान्या देत, दौऱ्यावरच्या बँडसोबत प्रवासाची आणि हॉटेलची सोय करत. लेखाचे मानधन मात्र इतके तुटपुंजे असे की फुकट आलेल्या रेकॉर्ड जुन्या मालाच्या दुकानात विकून घरभाडे भागवणारे कितीतरी जण होते. ज्याच्या पैशाने आपण जेवलो त्याच्याच गाण्याला दुसऱ्या दिवशी वाईट म्हणायचे, हे या कामातले खरे अवघड वळण आहे. संगीतकारांशी मैत्री करू नकोस, हा चित्रपटातल्या बँग्ज यांचा सल्ला याच अनुभवातून आलेला आहे.

रॉक गायक लू रीड यांच्याशी झालेल्या त्यांच्या खडाजंगी मुलाखती गाजल्या, आणि आजही बहुतेक लोक त्याच वाचतात. मला त्या तितक्याशा महत्त्वाच्या वाटत नाहीत, कारण त्यांत दोघेही आपापली भूमिका वठवत आहेत असे जाणवत राहते. खरे बँग्ज मला न्यूयॉर्कच्या काळात भेटतात. १९७६ मध्ये ते ‘क्रीम’ सोडून तिथे गेले आणि ‘द व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात लिहू लागले. १९७९ मध्ये त्यांनी तिथल्या पंक, म्हणजे रॉकच्या एका साध्या, आक्रमक प्रकाराच्या, वर्तुळातल्या वंशद्वेषावर एक दीर्घ लेख लिहिला. पंक हे ज्यांचे स्वतःचे संगीत, ज्याची त्यांनी इतरांच्या आधी बाजू घेतली, त्याच घोळक्यातल्या ओळखीच्या लोकांवर हा लेख होता. त्यातला एक प्रसंग असा: त्यांच्या घरी पार्टी चालू असताना त्यांनी कृष्णवर्णीयांचे संगीत लावले, तेव्हा कोणी तरी वर्णद्वेषी शिवी घालून, हे डिस्को कशाला लावले आहेस, असे विचारले. हे डिस्को नव्हे, ओटिस रेडिंग (कृष्णवर्णीय सोल गायक) आहे, असे ते त्याच शिवीसकट खेकसले. परंतु ऐकणाऱ्यांना त्याचे काहीच नव्हते. एवढे सांगून दुसरा एखादा लेखक थांबला असता. बँग्ज मात्र पुढे स्वतःकडे वळतात: ‘क्रीम’च्या दिवसांत आपणही अशाच शिव्या गंमत म्हणून लिहिल्या आणि बोललो, तेव्हा या विषाला आपलाही हातभार लागला नाही ना, असे ते थेट विचारतात. हा लेख वाचून मी प्रत्येक वेळी अस्वस्थ होतो, आणि रॉक पत्रकारितेत याच्या तोडीचे आत्मपरीक्षण मी फार थोडे पाहिले आहे.

३० एप्रिल १९८२ रोजी न्यूयॉर्कमधल्या घरी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे तेहतीस. वेदनाशामक आणि इतर औषधे एकत्र घेतली गेल्याने हा अपघाती मृत्यू ओढवला, असे मानले जाते. हयातीत त्यांच्या नावावर ‘ब्लाँडी’ हा बँड आणि गायक रॉड स्टुअर्ट यांच्यावरची दोनच पुस्तके निघाली, त्यातले दुसरे पॉल नेल्सन यांच्यासह. ज्या लेखांमुळे आज त्यांचे नाव घेतले जाते, ते ग्रील मार्कस यांनी संपादित केलेल्या संग्रहातून १९८७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, पुस्तकरूपात आले. जिम डेरोगॅटिस यांनी शाळेत असताना, मृत्यूच्या काहीच आठवडे आधी, बँग्ज यांची मुलाखत घेतली होती; पुढे त्यांनीच लिहिलेले चरित्र २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

आपण वाचायला सुरुवात करणार असाल तर लू रीड यांच्यापासून करू नका. व्हॅन मॉरिसन यांच्या ‘अॅस्ट्रल वीक्स’ या १९६८ च्या अल्बमवरचा लेख आधी वाचा. एकच शब्द पुन्हा पुन्हा आळवून गायक त्यात किती अर्थ भरतो, हे बँग्ज यांनी तिथे फार बारकाईने ऐकले आहे. त्यानंतर एल्विस प्रेस्ली यांच्यावरचा १९७७ चा मृत्युलेख आणि मग वर सांगितलेला पंकवरचा लेख घ्या. शक्य असेल तर ‘अॅस्ट्रल वीक्स’ ऐकत ऐकतच त्यावरचा लेख वाचा, आणि जिथे आपले त्यांच्याशी पटणार नाही तिथे बिनधास्त वाद घाला.