रताळ्याच्या वेलांचा मुरघास आणि वाढती डुकरं

३० किलोच्या डुकरांना रताळ्याच्या वेलांचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) सुरू केला, तर हगवण लागली. मुरघास काळपट, चिकट आणि कुबट वासाचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. वेल ओलेच भरले गेले, असं या वर्णनावरून वाटतं.

ताज्या वेलात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तसेच दाबले की तळाशी पाणी साचतं आणि ते आंबण्याऐवजी सडतात. माती झटकून पातळ पसरा, वजन निम्म्यावर येऊ द्या. नजरेचा अंदाज फसतो. एक टोपली तोलून ठेवा आणि तीच पुन्हा तोला.

मग २–३ सेंमीचे तुकडे, म्हणजे कुट्टी करा. सुकलेल्या ५० किलो कुट्टीला अडीच किलो भाताचा कोंडा (पॉलिशचा, तूस नको) आणि पाव किलो मीठ. मळी (मोलॅसिस) असेल तर दीड किलो, अगदी थोड्या पाण्यात. झाकणाच्या ड्रममध्ये जाड प्लॅस्टिक पिशवी घालून वीतभर थर भरत पायाने तुडवा. हवा राहिली तिथे बुरशी येणारच. २१ दिवसांनी उघडा. पिवळसर हिरवा रंग, लोणच्यासारखा आंबट वास आणि पीएच (आंबटपणाचं माप) ४.२ च्या आसपास असेल, तर जमला. बुरशीचा भाग भोवतालच्या मुरघासासकट फेका. काळी कीड लागलेली किंवा कुजकी रताळी आत मुळीच नकोत. त्यांतलं विष फुप्फुसांवर जातं आणि आंबवून ते जाईल या भरवशावर राहू नका.

बादलीच्या मापाने देऊ नका. असा मुरघास एक किलो म्हणजे कोरडा चारा साधारण ३०० ग्रॅम, बाकी पाणीच. ३० किलोच्या डुकराला रोज २०० ग्रॅमपासून सुरुवात करून आठवड्याभरात ६००–७०० ग्रॅमवर न्या, पुढे जाऊ नका. ६० किलोच्या पुढे दीड किलोपर्यंत चालतो. त्या बदल्यात मक्याचा भरडा किंवा कोंडा घटवा, सोयाबीन पेंड नाही. वेलातली प्रथिनं कागदावर बरी दिसतात, पण तंतूंमुळे पूर्ण पचत नाहीत आणि लायसीन (वाढीला लागणारा प्रथिनांतला घटक) अपुरं पडतं. पेंड कापली की वाढ मंदावते.

उघडलेल्या ड्रममधून रोज वरचा आडवा थर काढा, खड्डा करू नका. हगवण लागलेल्यांना आत्ताचा मुरघास आजच बंद करा, स्वच्छ पाणी भरपूर ठेवा. शेण घट्ट झाल्यावरच नवा, तोही पुन्हा २०० ग्रॅमपासून.