ऑफिसात हसतात, घरी मात्र अंथरुणातून उठत नाहीत

‘ताई, यांना झालंय तरी काय? गेले तीन महिने पहाटे चारलाच जाग येते, पण आठपर्यंत कुशीवर पडून असतात. लाईट बिल राहिलं, मुलाच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म तसाच पडलाय. जेवण निम्म्यावर आलंय, गुरुवारचं भजन बंद. विचारलं तर म्हणतात, “काही नाही, दमलोय.” ऑफिसात मात्र सगळ्यांशी हसून बोलतात म्हणे! सासूबाई दृष्ट काढतात, दीर म्हणतात मन गुंतव. माझंच काही चुकतंय का?’
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

प्रिय ताई,

नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. हे आधी सांगते, कारण सगळ्या पत्रात तुम्हाला तेच विचारायचं होतं असं वाटलं.

निदान डॉक्टर करतील, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला नैराश्याच्या आजाराची दाट शंका येते. आवडीच्या गोष्टीतून मन उडणं, झोप-भूक बिघडणं, सततचा थकवा हे दोन आठवडे टिकलं तरी डॉक्टरांना दाखवावं. तुमच्याकडे तीन महिने झालेत. या आजारात पुष्कळांना सकाळच सगळ्यात जड जाते, आणि आपण नेमकं तेव्हाच ‘उठा की आता’ म्हणून मागे लागतो.

लाईट बिलाचंच बघा. आपल्याला ते दोन मिनिटांचं काम. पण मोबाईल घ्यायचा, ग्राहक क्रमांक शोधायचा, पैसे कुठल्या खात्यातून भरायचे ते ठरवायचं, यातली पहिली पायरीच त्यांच्याने चढवत नाही. मग न भरलेलं बिल डोळ्यांसमोर दिसत राहतं आणि ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ हा विचार आणखी घट्ट होतो. याला आळस म्हणणं अन्याय आहे.

आणि ऑफिसातलं हसणं? दिवसभर तो चेहरा सांभाळण्यात सगळी ताकद संपते, घरी येतात तेव्हा काही उरलेलं नसतं. याचा त्रास तुम्हाला होतो आणि तो खरा आहे. पण त्यांची माया आटली असा अर्थ कृपा करून काढू नका.

‘डॉक्टरकडे जायचं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नको’ येईल. ‘शुक्रवारी सहाची वेळ घेतलीय, मी सोबत येते,’ असं सांगा. आधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या, त्यातल्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो. मग मानसोपचारतज्ज्ञ. तोवर बोलायला १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी नंबर आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही करा.

गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ वगैरे मात्र सुरुवातीलाच होते, म्हणून लोक आठवड्यात सोडून देतात. बरं वाटलं तरी पुढे काही महिने घ्याव्या लागतात. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण मनाने एकदम बंद करू नका.

एक प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा, आजच विचारा: ‘जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, शेतातली औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बिल तुम्ही भरून टाका, बोलून दाखवू नका. भजनाला पूर्ण वेळ नको, एका अभंगापुरतं बसून परत या. भाऊजींना काम द्या: अ‍ॅडमिशनचा फॉर्म आणि दवाखान्याला गाडी. सासूबाईंना दृष्ट काढू द्या, त्यांचाही जीव तुटतोय. फक्त डॉक्टरांची तारीख चुकवू नका, आणि पहिली भेट झाली की मला कळवा.

– तुमची ताई